किरिबाती नव्हे, किरिबास: समुद्र अफाट, जमीन मूठभर

दर्यासारंग

परवा समुद्राची पातळी वाढण्याबद्दल इथे चर्चा चालली होती, त्यात एकांनी लिहिलं, "किरिबातीसारखे देश तर गेल्यात जमा." ते वाक्य दोन दिवस डोक्यातून जाईना. मी एकवीस वर्षं मर्चंट नेव्हीत काढली, त्यातली सलग सहा जर्मन मालकांच्या जहाजांवर. त्या जहाजांवर डेकचे खलाशी बहुतेक किरिबासचेच असत, प्रशांत महासागरातल्या याच बेट-देशाचे. तारावा बेटावर त्यांच्यासाठी १९६७ पासून प्रशिक्षण केंद्र आहे, तिथून तयार झालेली मुलं थेट या जहाजांवर येत. मी त्यांच्याबरोबर जेवलो, वादळात त्यांच्या भरवशावर झोपलो. त्यांचा देश गेल्यात जमा नाही. तिथे निवडणुका होतात, सरकारं पडतात, पाण्यावरून भांडणं होतात, रविवारी चर्च भरतं. मराठीत याबद्दल काही सापडलं नाही, म्हणून मला माहीत आहे ते लिहितोय. ज्यांना अधिक ठाऊक आहे त्यांनी भर घाला.

आधी उच्चार. त्यांच्या वर्णमालेत फक्त १३ अक्षरं, आणि त्यात 'स' नाही. 'त'पुढे ऱ्हस्व 'इ' आली की ती 'स'सारखी म्हणायची. म्हणून लिहितात किरिबाती, म्हणतात किरिबास. शब्द मुळात त्यांचा नाही. १७८८ साली थॉमस गिल्बर्ट नावाचा कप्तान इथून गेला, त्याच्यावरून 'गिल्बर्ट्स' हे नाव पडलं आणि त्याचं त्यांच्या जिभेवर किरिबास झालं. नकाशात 'किरितिमाती' दिसतं ते म्हणजे ख्रिसमस. जेम्स कुक १७७७ च्या नाताळच्या आदल्या दिवशी तिथे पोचला होता. बेतिओ लिहिलेल्या गावाला बेसो म्हणायचं. हे कळेपर्यंत मी आमच्या बोसनच्या (डेकवरच्या खलाशांच्या मुकादमाच्या) गावाचं नाव दोन महिने चुकीचं घेत होतो आणि त्याने एकदाही टोकलं नाही.

आता आकार बघा. बेटं ३३. त्यातलं बनाबा तेवढं उंच, बाकी सगळी प्रवाळाची, समुद्रापासून दोन-तीन मीटर वर. सगळी जमीन मिळून ८११ चौरस किलोमीटर, म्हणजे मुंबई शहर आणि उपनगरांपेक्षा थोडी जास्त. पण त्यांच्या हक्काचा समुद्र सुमारे ३५ लाख चौरस किलोमीटर, आपल्या अख्ख्या भारताच्या जमिनीहून मोठा! पश्चिमेला गिल्बर्ट बेटं, मधे फिनिक्स, पूर्वेला लाइन बेटं. राजधानी तारावा गिल्बर्टमध्ये, आणि देशाची जवळजवळ निम्मी जमीन एकट्या किरितिमातीत, जे लाइन बेटांत आहे. दोहोंमधलं अंतर मुंबई-दिल्लीच्या जवळजवळ तिप्पट. चारही गोलार्धांत जमीन असलेला जगातला हा एकमेव देश. आणि माणसं? २०२० च्या जनगणनेत १ लाख २० हजार. आपल्याकडचा एखादा तालुका याहून मोठा असतो.

२०११ मध्ये मी मासे वाहून नेणाऱ्या एका रीफर, म्हणजे शीतगृहाच्या जहाजावर होतो. तारावाच्या लगूनमध्ये (प्रवाळाच्या कड्याआतल्या उथळ समुद्रात) अकरा दिवस नांगर टाकून होतो. मोठमोठ्या जाळ्यांच्या बोटी बाजूला येत आणि गोठवलेला कुपा (ट्यूना मासा) आमच्या होल्डमध्ये उतरवत. बोसन त्या वेळी सुट्टीवर घरीच होता. एका रविवारी तो लाँच घेऊन आला आणि मला उत्तर तारावातल्या आपल्या आजोळी घेऊन गेला.

गावाच्या मधोमध मनेआबा. नुसती सभेची जागा म्हणून भागणार नाही. गावाचं घर म्हणा. केवड्याच्या जातीच्या झाडाच्या पानांनी शाकारलेलं प्रचंड छप्पर, त्याची वळचण इतकी खाली की आत जाताना प्रत्येकाला कमरेत वाकावं लागतं, मग तो कुणीही असो. छपराला एक खिळा नाही, सगळं नारळाच्या काथ्याच्या दोरीने आवळलेलं. मी एका गाठीला हात लावून बघितला. इतकी घट्ट होती की बोटाचं नख आत शिरेना. आत प्रत्येक कुळाची बसायची जागा ठरलेली असते, तिला 'बोती' म्हणतात. बोसन चटईवरून थेट आपल्या आईच्या घराण्याच्या जागेवर जाऊन बसला आणि मला पाहुण्यांच्या बाजूला बसवलं.

त्या दिवशी विषय होता नवी विहीर कुठे खणायची. म्हातारी मंडळी, ज्यांना 'उनिमाने' म्हणतात, एकेक करून बोलत होती. एक बोलून झाला की बराच वेळ कुणी काही बोलत नसे. बोसन कानात सांगत होता, "आता तो रागावलाय." मला तर कुणाचाही आवाज चढलेला ऐकू आला नाही. मत घेतलं नाही, हात वर केले नाहीत. दोन तासांनी एका आजोबांनी दोन वाक्यं सांगितली आणि सगळे उठले. ठरलं होतं.

हे सविस्तर सांगायचं कारण, त्यांच्या संसदेचं नावच 'मनेआबा नी मौंगाताबू' आहे. १२ जुलै १९७९ ला ब्रिटिशांकडून स्वातंत्र्य मिळालं तेव्हा घटनेत लंडनच्या पद्धतीची नक्कल उतरवली असती तरी चाललं असतं. पण त्यांनी स्वतःची रचना केली. राष्ट्राध्यक्षाला लिहितात 'बेरेतितेंती' आणि म्हणतात 'बेरेसितेन्स'. आधी लोक सभासद निवडतात. मग सभासद आपल्यातून तीन किंवा चार नावं राष्ट्राध्यक्षपदासाठी पुढे करतात. त्यातून पुन्हा लोक एकाला निवडतात. एका माणसाला जास्तीत जास्त तीन मुदती. आणि सगळ्यात मला आवडलेली गोष्ट: सभागृहाने अविश्वास ठराव केला तर राष्ट्राध्यक्ष तर जातोच, पण सभागृहही बरखास्त होतं. म्हणजे पाडणाऱ्यालाही लोकांसमोर जावं लागतं. मधल्या काळात तीन माणसांचं मंडळ राज्य चालवतं: लोकसेवा आयोगाचे अध्यक्ष, सरन्यायाधीश आणि सभापती. सभापती सभासदांपैकी नसतो, बाहेरून निवडलेला असतो.

असं तीनदा झालंय, १९८२, १९९४ आणि २००३ मध्ये. तिन्ही वेळा निवाडा पुन्हा लोकांच्या मतांनी झाला. एक लाख माणसांच्या, हजारो किलोमीटर विखुरलेल्या देशात हे जमणं मला फार मोठं वाटतं.

नकाशावेडा

उत्तम धागा. तारखेच्या रेषेबद्दल लिहायचं राहिलं का? मला या देशाची ओळखच त्यामुळे झाली.

१९९४ पर्यंत आंतरराष्ट्रीय वाररेषा या देशाच्या मधून जायची. तारावात सोमवार उजाडला तरी किरितिमातीत अजून रविवारच असायचा. दोन्हीकडची सरकारी कार्यालयं एकाच वेळी उघडी असायची ती आठवड्यातून फक्त चार दिवस. तेबुरोरो सितो यांनी निवडणुकीत वचन दिलं होतं की मी देशाची तारीख एक करीन, आणि १९९५ च्या सुरुवातीला त्यांनी रेषा पूर्वेकडे सरकवली. म्हणून आज नकाशावर त्या रेषेला तो लांबलचक फुगवटा दिसतो. आता तारावा आणि किरितिमाती यांच्यात वेळेचा फरक दोन तासांचा, वार एकच. जगात नवा दिवस सगळ्यात आधी सुरू होतो तो लाइन बेटांवर.

शाळेत कंकणद्वीप शिकवताना आपल्याकडे लक्षद्वीपचं चित्र दाखवतात. रचना तीच: बुडालेल्या ज्वालामुखीच्या काठाने वाढलेलं प्रवाळ, मधे उथळ लगून. फरक इतकाच की लक्षद्वीपमागे अख्खा भारत उभा आहे.

केवडा

दादा, केवड्याच्या पानांचं छप्पर वाचून थांबलेच. आमच्याकडे वेंगुर्ल्याला केवडा वहाळाच्या कडेने वाढतो, आणि साप असतात म्हणून आम्हाला तिकडे जाऊ देत नसत. त्याची पानं शाकारायला वापरलेली मी कधी पाहिली नाहीत. त्यांचं झाड वेगळं का? आणि एवढे माड आहेत तर माडी काढतात का? माझ्या आजोबांचे माड भंडाऱ्याकडे माडीला दिलेले असायचे, म्हणून विचारते.

दर्यासारंग

@केवडा, कुळ तेच, जात वेगळी. त्यांच्या झाडाला अननसासारखं मोठं फळ येतं, ते पिकलं की गर खातात, उकडून त्याचा लगदा वाळवून ठेवतात. पूर्वी लांबच्या होडीप्रवासात हाच शिधा. पानांच्या चटया, टोपल्या, शिडं, छप्परं.

माडीबद्दल विचारलंत ते बरं झालं, कारण त्या देशाची सकाळ-संध्याकाळ तिच्यावर चालते. गोड्या माडीला 'करेवे' म्हणतात. पोय (माडाच्या फुलोऱ्याचा कोंब) फुटायच्या आधी दोरीने घट्ट बांधतात, टोक रोज थोडं थोडं कापतात आणि खाली भांडं अडकवतात. दिवसातून दोनदा माणूस माडावर चढतो. चढला की वरून मोठ्याने गातो. मी पहिल्या दिवशी पहाटे लाँचमधून ऐकलं तेव्हा वाटलं चर्चमधून आवाज येतोय. मग मान वर केली तर झावळ्यांत माणूस! गाण्यामुळे खालच्यांना कळतं की वर कुणीतरी आहे.

ताजी करेवे लहान मुलांना पाजतात. जिथे पालेभाजी जवळजवळ उगवत नाही तिथे जीवनसत्त्वं मिळायची तर यातूनच. आटवली की काकवीसारखा घट्ट, काळसर पाक होतो, 'कामाइमाई'. मला बोसनच्या मावशीने बाटली भरून दिली होती. चव अगदी गोव्याच्या माडाच्या गुळासारखी. तेवढ्या लांब जाऊन जिभेला घरची चव लागली आणि मला बोलता येईना.

आणि अळूही आहे. 'बाबाई' म्हणतात, पण पान माणसाएवढं. जमीन म्हणजे नुसती प्रवाळाची वाळू, म्हणून खाली गोडं पाणी लागेपर्यंत खड्डा खणतात आणि त्यात लावतात. बाजूने केवड्याच्या पानांची टोपली विणून त्यात पालापाचोळा भरत राहायचं. कुणी काय खत घातलं ते घराण्याचं गुपित, शेजाऱ्याला सांगत नाहीत. लग्नाला, मोठ्या पाहुण्याला बाबाई लागतोच.

सुवावासी

मी नोकरीनिमित्त फिजीत, सुवाला चार वर्षं होते. तिथल्या विद्यापीठात किरिबासचे विद्यार्थी असायचे, आणि बनाबाचे लोकही भेटले. बनाबाबद्दल लिहिल्याशिवाय या देशाचं सरकार कळणार नाही, म्हणून थोडं लांबवते.

बनाबा सहा चौरस किलोमीटरचं बेट. १९०० साली आल्बर्ट एलिस नावाच्या माणसाला तिथे फॉस्फेट सापडलं. त्याने बेटावरच्या लोकांकडून ९९९ वर्षांच्या करारावर सह्या घेतल्या, वर्षाला पन्नास पौंडांच्या बदल्यात. ते खत ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या कुरणांवर गेलं. पुढची ऐंशी वर्षं बेटाची माती खरवडून जहाजांत भरली. आज बहुतेक बेट म्हणजे उघडे पडलेले चुनखडीचे सुळके.

दुसऱ्या महायुद्धात जपानने बेट घेतलं, लोकांना इकडेतिकडे नेलं, कित्येक मारले गेले. युद्ध संपल्यावर ब्रिटिशांनी उरलेल्यांना गोळा केलं आणि परत घरी नेण्याऐवजी फिजीतल्या राबी बेटावर उतरवलं. तारीख १५ डिसेंबर १९४५. हजारएक माणसं, तंबू, तोंडावर आलेला वादळांचा मोसम. राबीही त्यांच्याच फॉस्फेटच्या पैशातून विकत घेतलेलं होतं. राबीवर तो दिवस दरवर्षी पाळतात. मी एकदा त्या दिवशी तिथे होते. माझ्या शेजारी बसलेल्या आजी तंबूत उतरल्या तेव्हा सात वर्षांच्या होत्या. त्या म्हणाल्या, आम्हाला थंडी माहीतच नव्हती. फिजीत थंडी! पण विषुववृत्तावरून आलेल्या, एका कापडात झोपणाऱ्या पोरीला ती लागलीच असणार.

सत्तरच्या दशकात त्यांनी लंडनच्या न्यायालयात दावा लावला. १९७६ च्या निकालात न्यायाधीश मेगॅरी यांनी त्यांच्यावर अन्याय झाल्याचं मान्य केलं, पण सरकारवर कायद्याने बंधनकारक अशी विश्वस्ताची जबाबदारी नव्हती असं म्हटलं. नंतर तीन सरकारांनी मिळून एक कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर देऊ केले. १९७९ मध्ये खाणही संपली आणि किरिबास स्वतंत्रही झाला. बनाबाच्या लोकांना त्यांच्यात जायचं नव्हतं, वेगळं राहायचं होतं. तडजोड म्हणून घटनेत अख्खं प्रकरण त्यांच्यासाठी आहे: निवडून येणाऱ्या ४४ जणांशिवाय एक सभासद राबीचं मंडळ नेमतं. म्हणजे फिजीत राहणाऱ्या लोकांचा प्रतिनिधी दुसऱ्या देशाच्या संसदेत बसतो. असं दुसरीकडे कुठे मी पाहिलेलं नाही.

दर्यासारंग

सुवावासी ताई, हे तुम्हीच लिहायला हवं होतं, मी बनाबाला कधी गेलो नाही. एक जोडतो. १९५६ मध्ये, वसाहतीच्या काळातच, फॉस्फेटच्या उत्पन्नातला काही भाग बाजूला टाकून एक राखीव निधी उभा केला गेला. खाण संपली पण तो निधी आजही आहे, वाढलाय, आणि वाईट वर्षी सरकार त्यातून उचलतं. देशाच्या तिजोरीचा तो पाया बनाबाच्या मातीचा आहे, हे बनाबाचे लोक विसरत नाहीत. त्यांनी विसरूही नये.

हिशेबनीस

म्हणजे मग आता सरकार चालतं कशावर? एक लाख माणसं, खाण नाही, शेती नाही.

दर्यासारंग

@हिशेबनीस, माशांवर. सरकारच्या उत्पन्नाचा सगळ्यात मोठा वाटा परदेशी बोटींना दिलेल्या परवान्यांचा.

ही गोष्ट ऐकण्यासारखी आहे. स्वातंत्र्यानंतर पहिले राष्ट्राध्यक्ष इएरेमिया ताबाई, वय २९. त्या काळी अमेरिकी बोटी कुपा पकडायच्या आणि पैसे द्यायच्या नाहीत. कुपा फिरता मासा आहे, त्यावर कुणा एका देशाचा हक्क नाही असं अमेरिकेचं म्हणणं. १९८५ मध्ये ताबाईंनी सोव्हिएत संघाला परवाना दिला. शीतयुद्धाचे दिवस! देशात चर्चवाले चिडले, बाहेर ऑस्ट्रेलिया-अमेरिकेत खळबळ माजली. तो करार एक वर्षच टिकला, पण १९८७ मध्ये अमेरिकेने पॅसिफिकच्या देशांशी मासेमारीचा करार करून पैसे द्यायला सुरुवात केली. पस्तिशीतल्या माणसाने, फौज नसलेल्या देशातून, हे करून दाखवलं.

पुढे आठ बेट-देश एकत्र आले. आता बोटीला टनावर नाही, दिवसावर पैसे मोजावे लागतात: आमच्या पाण्यात जाळं टाकायचा एक दिवस विकत घ्या. एकूण दिवस किती विकायचे ते आठ जण मिळून ठरवतात. त्यामुळे बोटवाल्यांना एकाला दुसऱ्याविरुद्ध खेळवता येत नाही. किरिबासची कमाई काही वर्षांत कित्येक पटींनी वाढली.

बाकी खोबरं आहे. लांबच्या बेटांवर रोख पैसा म्हणजे खोबरंच, आणि सरकार ते ठरलेल्या भावाने घेतं. २०१६ मध्ये तानेती मामाऊ निवडून आले तेव्हा त्यांनी किलोचा भाव एक ऑस्ट्रेलियन डॉलरवरून दोन केला. आणि तिसरं, आमच्या बोसनसारख्यांनी घरी पाठवलेले पगार.

बिनहुद्द्याचा वकील

घटनेचं वर्णन वाचून आनंद झाला, पण दुसरी बाजूही मांडतो. तीन-चार नावं सभागृह ठरवतं, म्हणजे ज्याचं बहुमत त्याच्या हातात यादी. २००७ मध्ये विरोधी पक्षाच्या नेत्याचं नाव यादीत येऊच दिलं नाही. लोकांनी मतदान केलं, पण कुणाला करायचं ते आधीच आवळलेलं होतं. मला ही त्या रचनेतली खरी भेग वाटते.

आणि २०२२. उच्च न्यायालयाचे एक न्यायाधीश मूळचे ऑस्ट्रेलियन, त्यांच्या पत्नी विरोधी पक्षनेत्या. सरकारने त्यांना देशाबाहेर काढायचा प्रयत्न केला. अपील न्यायालयाने त्याला हरकत घेतली, तर अपील न्यायालयाचे तिन्ही न्यायाधीश निलंबित. सरन्यायाधीश त्याआधीच निलंबित. काही काळ देशात वरचं न्यायालयच उरलं नव्हतं. जे तीन जणांचं मंडळ संकटात राज्य सांभाळणार, त्यातली एक खुर्ची सरन्यायाधीशांची. तीच रिकामी! आपण दुरून फार कौतुक करू नये असं मला वाटतं.

दर्यासारंग

वकीलसाहेब, मान्य. २००७ चं मला ठाऊक होतं आणि मी लिहिलं नाही, ते चुकलं. २०२२ बद्दल बोसनला विचारलं होतं तर तो इतकंच म्हणाला, की मनेआबात कुणाला बोलू न देता उठवत नाहीत. त्याला तो प्रकार आवडला नव्हता, आणि त्याने मत मामाऊंनाच दिलेलं होतं.

२००३ चा किस्सा मात्र सांगतोच. त्या वर्षीच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या लढतीत दोन मुख्य उमेदवार सख्खे भाऊ होते, अनोते तोंग आणि हॅरी तोंग. अनोते जेमतेम हजारभर मतांनी जिंकले. त्याच वर्षी त्यांनी तैवानशी संबंध जोडले, तारावावरचं चीनचं उपग्रह केंद्र बंद झालं. २०१९ मध्ये मामाऊंनी परत चीनशी जोडले. एवढ्याशा देशाच्या एका निर्णयासाठी मोठे देश रांगेत उभे राहतात, आणि तिथल्या लोकांना त्याची पक्की जाणीव आहे.

मीठभाकर

सगळं खरं, पण मूळ मुद्दा टाळू नका. पाणी वाढतंय ना? दोन मीटर उंचीची बेटं किती दिवस टिकणार? अनोते तोंग यांनी फिजीत जमीन घेऊन ठेवली होती असं वाचलं आहे. त्यांच्याच राष्ट्राध्यक्षाला जे कळलं ते म्हणणाऱ्यावर रागावायचं कशाला?

दर्यासारंग

@मीठभाकर, तुमच्यावर राग नाही, खरंच. तोंग यांनी २०१४ मध्ये फिजीच्या व्हानुआ लेवू बेटावर वीसेक चौरस किलोमीटर जमीन घेतली हे बरोबर. पण मामाऊ आल्यावर धोरण बदललं: बेटं सोडायची नाहीत, भराव घालून उंच करायची. दोन्ही बाजूंचे लोक तिथेच राहतात आणि आपसात वाद घालतात. वाद त्यांचा आहे. आपण बाहेरून 'गेलेच' म्हणून टाकतो तेव्हा त्या वादातून त्यांनाच उठवतो.

आता पाण्याचं. समुद्र एक दिवस अंगावर येऊन सगळं गिळेल असं चित्र असतं, तसं ते नाही. २०१० च्या एका अभ्यासात बऱ्याच प्रवाळबेटांचं क्षेत्रफळ आधीच्या काही दशकांत टिकलेलं किंवा थोडं वाढलेलं दिसलं, कारण लाटा वाळू एका काठावरून काढून दुसरीकडे टाकतात. बेट जिवंत असतं, सरकतं. पण माणसाला सरकून चालत नाही. घर, थडगं, बाबाईचा खड्डा एकाच जागी असतो.

खरं दुखणं गोड्या पाण्याचं. बेटाच्या पोटात, खाऱ्या पाण्यावर तरंगणारा पावसाच्या पाण्याचा पातळ थर असतो. विहिरीत येतं ते तेच. उधाणाची मोठी भरती काठ ओलांडून आत आली की तो थर खारावतो आणि निवळायला महिने लागतात. मार्च २०१५ मध्ये पाम वादळ शेकडो किलोमीटर दूर होतं, तरी त्याच्या लाटांनी दक्षिणेकडच्या तामाना आणि अरोराए बेटांचे बांध फोडले. त्यात निम्म्याहून जास्त देश दक्षिण तारावाच्या चिंचोळ्या पट्ट्यावर राहायला आलेला. शाळा, दवाखाना, नोकरी तिथेच, त्यामुळे लांबच्या बेटांवरून माणसं येतच राहतात. पट्ट्याची रुंदी कित्येक ठिकाणी काहीशे मीटर. त्यावर झोपड्या, डुकरं, दफनभूमी, आणि खाली तोच पाण्याचा थर. लहान मुलांची पोटं त्यामुळे बिघडतात. समुद्र चढण्याआधी हे मारतं, आणि समुद्र चढला की हेच आणखी वाईट होतं. शहराचं पाणी बोनरिकीहून येतं, विमानतळाजवळच्या राखीव जागेतून. त्या जमिनीवर घर बांधू नका म्हणून सरकार मालकांना सांगतं, आणि मालक विचारतात, मग आम्ही कुठे राहायचं? बोसनच्या आजोळची विहिरीची सभा दोन तास का चालली ते मला नंतर कळलं.

इतिहासप्रेमी

बेसो म्हणजेच तारावाच्या लढाईचं बेतिओ ना? २० ते २३ नोव्हेंबर १९४३. एवढ्याशा बेटावर हजाराहून अधिक अमेरिकी सैनिक आणि चार हजारांवर जपानी सैनिक व कोरियन मजूर मेले.

दर्यासारंग

हो, तेच. आजही किनाऱ्यावर गंजलेल्या तोफा आहेत, मुलं त्यांवर चढून खेळतात. भरतीचा अंदाज चुकला म्हणतात त्या लढाईत. भांगाचे, म्हणजे भरती कमी चढते ते दिवस होते, पाणी पुरेसं चढलंच नाही आणि बोटी प्रवाळाच्या कडेवर अडकल्या. सैनिकांना छातीएवढ्या पाण्यातून चालत यावं लागलं. लगूनमधून बेसोकडे जाताना बोसनने ती कड दाखवली. ओहोटी होती, कड पाण्याबाहेर आलेली, त्यावर बायका टोपल्या घेऊन शिंपल्या वेचत होत्या.

पाटलीण

मागे ऑलिंपिकमध्ये वजन उचलून झाल्यावर नाचणारा खेळाडू याच देशाचा ना? डेव्हिड कातोआताऊ. मुलाला दाखवायला शोधलं होतं. २०१४ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने देशाला पहिलं सुवर्णपदक मिळवून दिलं, आणि रिओला तो नाचला ते लोकांनी आपल्या बेटांकडे बघावं म्हणून. नाच बघून हसले होते, मग कारण वाचलं.

दादा, तुमचा बोसन आता कुठे आहे?

दर्यासारंग

@पाटलीण, तोच तो खेळाडू.

बोसन घरी आहे. त्याची शेवटची सफर फार लांबली. कोविडमध्ये देशाने सीमा बंद केल्या आणि रोग जवळजवळ दोन वर्षं आत येऊ दिला नाही. पण त्यामुळे बाहेर असलेले खलाशी बाहेरच अडकले. करार संपलेले, जहाज सोडलेलं, आणि घरी जायला विमान नाही. कित्येक जण जर्मनीत महिनोन्‌महिने राहिले, त्यात हाही होता. मी फोन करायचो तेव्हा विचारायचा, "तिकडे माड दिसतो का खिडकीतून?" मी अलिबागचा, माझ्या खिडकीतून दिसतो. मी फोन फिरवून दाखवायचो.

आता तो त्यांच्या बेटाच्या कौन्सिलवर आहे. गेल्या महिन्यात मनेआबाचं छप्पर नव्याने शाकारायला घेतलंय. प्रत्येक घराने किती हात दोरी वळून द्यायची ते ठरलं, आणि त्याच्या घराची अजून पुरी झालेली नाही. नारळाची सोडणं लगूनच्या चिखलात भिजत घातली आहेत, कुजायला आणखी दोन महिने तरी लागतील.

केवडा

आमच्याकडेही सोडणं खाडीच्या चिखलात पुरतात! सहा महिने तरी. मग बडवून काथ्या काढायचा. ते बडवतात की कसं?

दर्यासारंग

विचारून सांगतो, तिकडे आत्ता रात्र आहे.